गारगोटीतलं पाणी

आमच्या भूषणदादाला जमिनीखालचं पाणी दिसतं, अशी अख्ख्या हिंगोलीची खात्री होती. घरात मात्र त्याला फ्रीजमधली पाण्याची बाटली दिसायची नाही. "सपना, पाणी कुठं आहे?" असं तो फ्रीजचं दार उघडून, बाटलीसमोर उभा राहून विचारायचा, आणि माझी वहिनी आतून ओरडायची, "तुमच्या नाकासमोर!" तरी गावात त्याचं नाव पडलं पाणीवाले सर. हे नाव त्याला कसं चिकटलं आणि ते काढता काढता त्याचं काय काय झालं, ते सांगते. मी त्याची धाकटी बहीण, शीतल. डी.एड. करायला म्हणून कुरुंद्याहून त्याच्या घरी आले आणि शाळेत नोकरी लागली तरी तिथंच राहिले. त्यामुळं बरंचसं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. बाकीचं वहिनीनं सांगितलं, आणि वहिनी वाढवून सांगत नाही. ते काम माझं.

दादाचं पूर्ण नाव बुद्धभूषण रामजी खिल्लारे. आमचे बाबा सडकेच्या गँगमध्ये होते. सडक म्हटली की खडी आली, आणि खडी म्हटली की दगड फोडणं. सुटीच्या दिवशी दादा बाबांचा डबा घेऊन जायचा आणि तिथंच ढिगावर बसून राहायचा. आमच्याकडचा काळा फत्तर फुटला की कधीकधी आत पोकळी निघते, आणि तिला हिरवा रंग लावल्यासारखा असतो, वर पांढरे चमकदार खडे. दादानं एकदा बाबांना विचारलं, "बाबा, दगडाच्या आत हे हिरवं कुणी भरलं?"

"पाणी शिरलं असंन."

"एवढ्या कठीण दगडात पाणी कसं शिरतं?"

"तुज्या डोक्यात गणित शिरतं ना हळूहळू? तसंच," बाबा म्हणाले आणि पुढचा दगड घेतला.

दादाच्या डोक्यात गणित बऱ्यापैकी शिरलं. औरंगाबादला जाऊन त्यानं भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, हिंगोलीच्या एका कॉलेजात प्रोफेसर झाला, लग्न केलं, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना पंचाण्णव साली पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय घेतला तांब्याच्या खाणीचा. आता आमच्या सगळ्या मुलखात तांबं म्हणाल तर ते देवघरात किंवा भांड्यांच्या दुकानात. खाण होती पार मध्य प्रदेशात. आई म्हणाली, "जवळचं काही भेटलं न्हाई का रे?" पण दादाच्या मार्गदर्शक सरांनी त्या खाणीतली गारगोटी त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली होती. त्या गारगोटीच्या पोटात पाण्याचा थेंब होता. केसाच्या जाडीपेक्षाही लहान. कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड तयार होताना आत कोंडला गेलेला, आणि आजही ओला. त्या दिवसापासून दादा कामातून गेला.

त्याचा विषय त्यानं आम्हाला समजावला तो कुरुंद्यात, हळदीच्या कढईपाशी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडं जिकडंतिकडं हळद शिजत असते. लोखंडी कढई, खाली जाळ, वर पोत्यांचं झाकण, आणि वाफेला असा वास की घरी आल्यावर तीन दिवस माणूस पिवळा वाटतो. दादा तिथं उभा राहून म्हणाला, "तांब्याच्या खाणीत असंच झालं. खाली वितळलेला खडक होता. त्यातून चारशे-पाचशे डिग्रीचं खारट पाणी निघालं, भेगाभेगांतून वर चढलं, आणि त्यानं आजूबाजूचा सगळा खडक शिजवून काढला. जवळचा खडक झाला गुलाबी, त्याच्या भोवतीचा पांढरा, चकचकीत, आणि पार कडेचा हिरवा. पाण्याबरोबर आलेलं तांबं भेगांत बसलं."

"मग कळलं की सगळं," आई म्हणाली. "आता काय हुडकायचं ऱ्हायलं?"

"पाणी कुठलं, ते. आता या कढईत वाफ आहे. ती तुम्ही विहिरीतून आणून ओतलेल्या पाण्याची, का हळदीच्या अंगातल्या पाण्याची? तसंच. खडक शिजवणारं पाणी वितळलेल्या खडकाच्या अंगचं, का वरून पावसाचं मुरलं आणि खाली जाऊन तापलं? जगभरचे प्रोफेसर यावर भांडून राहिले."

कढई हलवणारा गडी हसून हसून बेजार झाला. "सर, तुमी शिकलेली मान्सं पाण्यावरून भांडता? आमाला वाटलं फकस्त आमच्या बायाच भांडतात नळावर."

"नळावर पाणी तरी असतं," वहिनी हळूच मला म्हणाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा केला पेपरनं. हिंगोलीच्या एका छोट्या दैनिकाचा वार्ताहर कॉलेजात आला, दादाशी तासभर बोलला, चहा प्याला आणि दुसऱ्या दिवशी चौकटीत बातमी छापून आली : 'भूगर्भातील पाण्याच्या उगमाचा शोध; हिंगोलीच्या प्राध्यापकाचं संशोधन.' तांबं गायब, मध्य प्रदेश गायब, चारशे डिग्री गायब. दादानं फोटो बरा आलाय म्हणून कौतुकानं पाच-सहा अंक विकत घेतले.

पेपर वाळायच्या आत दारात व्यंकटराव नावाचे एक धोतरवाले गृहस्थ उभे. हातात मेथीची जुडी.

"सर, माज्या वावरात पाणी कुठं लागंन, तेवढं सांगा."

"अहो काका, तुमचं पाणी वेगळं. मी अभ्यास करतो ते पाणी वेगळं."

"पाणी ते पाणीच की."

"माझं पाणी चारशे डिग्री गरम आहे."

व्यंकटरावांनी क्षणभर विचार केला. "थंड करून घेऊ. हौदात सोडलं की रातभरात निवतं."

"खारट आहे! समुद्रापेक्षा खारट!"

"जनावरायला चालंन."

दादाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "काका, ते पाणी कोट्यवधी वर्षांपूर्वी होतं. आता नाही. संपलं."

व्यंकटराव एकदम गंभीर झाले. दादाच्या तोंडाकडं बघत म्हणाले, "संपलं? मंग सरकारनं आदीच काही केलं काहून न्हाई?"

जाताना ते मेथी ठेवून गेले. दादानं परत न्यायला लावली, वहिनीनं दारातून परत घेतली. त्यानंतर हा रोजचाच खेळ झाला. कुणी ओला हरभरा आणायचं, कुणी भुईमुगाच्या शेंगा. दादा म्हणायचा, "मला यातलं काही कळत नाही," आणि माणसं एकमेकांना सांगायची, "बघा, किती मोठा मानूस. काई म्हणून सांगून देत न्हाई."

बाहेरच्यांना टाळता येतं, सासऱ्याला कसं टाळणार? वहिनीचे वडील कोंडीबामामा जवळा बाजारला राहायचे. तिथं त्यांची थोडी जमीन, कापूस आणि सोयाबीन. त्या उन्हाळ्यात त्यांनी बोअर पाडायचं ठरवलं आणि निरोप पाठवला, 'जावईबापूंनी यावं, जेवायला.' जेवायला म्हटल्यावर नाही म्हणता येईना. दादा, वहिनी आणि मी असे तिघं एस.टी.नं गेलो. वावरात पोहोचलो तर तिथं आधीच दगडोबा हजर. दगडोबा म्हणजे मेंढरं राखणारा म्हातारा, त्या भागातला नावाजलेला पाणाड्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो वावरभर चालायचा, आणि नारळ उभा राहिला की तिथं पाणी.

दादा भडकला. "मामा, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आणि आपल्या वावरात हा नारळ?"

"प्रतिज्ञा मी घेतली," कोंडीबामामा शांतपणे म्हणाले. "बोरानं न्हाई घेतली. आन् नारळ शेजाऱ्यानं आणला, मी नुसता बघून ऱ्हायलो. तुमी तुमचं बघा, तो त्याचं बघंन. एक न्हाई लागलं तर दुसरं लागंन."

दादानं मग पाऊण तास भाषण दिलं. आपल्या खाली ज्वालामुखीचा काळा फत्तर आहे, थरावर थर, त्यात भेगा असतील तरच पाणी, आणि त्या भेगा वरून पाहून सांगणं हे आपलं शिक्षणच नाही. मामांनी सगळं मान हलवत ऐकलं. दगडोबाचा नारळ तोवर खालच्या अंगाला, बांधाजवळ उभा राहिला होता. भाषणानं दमलेला दादा म्हणाला, "मी जेवतो," आणि वावराच्या कडेच्या बाभळीखाली जाऊन बसला. वहिनीनं भाकर-पिठलं वाढलं. तो जेवून उठला, हात धुतला, आणि मागं वळून बघतो तर मामा त्याच्या बसायच्या जागेभोवती चुन्यानं गोल आखून राहिले होते.

"मामा, हे काय?"

"काई न्हाई, काई न्हाई. तुमी जेवा."

"माझं जेवण झालं. मामा, मी तिथं सावली होती म्हणून बसलो!"

"सावली लिंबाखाली बी होती," मामा म्हणाले. "एवढं मोठं वावर सोडून तुमाला तिथंच काहून बसू वाटलं?"

खरं सांगायचं तर लिंबाखाली दगडोबाची कुत्री बसली होती आणि दादा कुत्र्याला भितो, पण हे सासऱ्याला कोण सांगणार.

मामांनी आम्हाला ठेवूनच घेतलं, आणि दोन दिवसांनी बोअरची गाडी आली. तमिळनाडूची, चालवणारे सगळे तिकडचेच. त्यांना मराठी येत नव्हतं, त्यामुळं सगळ्या गावानं त्यांना एकदम सल्ले दिले. पहिलं बोअर दगडोबाच्या खुणेवर घेतलं. दिवसभर मशीन ओरडलं आणि पांढरी धूळ उडत राहिली, इतकी की बघायला आलेली सगळी माणसं गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. पाण्याचा टिपूस नाही. दगडोबानं नारळ पिशवीत टाकला आणि मेंढरं हाकत निघून गेला. दुसऱ्या दिवशी गाडी बाभळीपाशी लावली. दादा सांगून थकला, "मामा, उगाच कशाला, अहो ऐका." मामांनी हातानंच खूण केली : सुरू.

दुपारचं जेवण व्हायच्या आत पाणी उसळलं. आधी चिखल, मग गढूळ धार, मग स्वच्छ, बाभळीच्या शेंड्याइतकं उंच. पोरं नाचायला लागली, बाया पदर पसरून भिजल्या, मशीनवाले तमिळमध्ये काहीतरी ओरडत सुटले. दादाही आनंदानं पुढं धावला. चार पावलं गेला आणि जागच्या जागी थांबला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. वळून मला म्हणाला, "शीतल, मेलो मी."

आणि खरंच मेला. त्यानंतर लोक त्याला पाणी कुठं आहे हे विचारीनातच. ते त्याला जेवायला बोलवायला लागले. वावरात. हुरडा खायला या, भरीत खायला या, नुसतं बघून जा. दादा गेला की चार माणसं हात मागं बांधून त्याच्या भोवती फिरायची, आणि त्यातल्या एकाच्या हातात चुन्याची पिशवी असायची. शेवटी त्यानं बाहेर गेलं की बसणंच सोडलं. उभ्यानं जेवायचा, उभ्यानं चहा प्यायचा. एकदा औंढ्याच्या रस्त्यावर मोटारसायकल पंक्चर झाली म्हणून बांधावर जरा टेकला, तर मागून येणाऱ्या सायकलवाल्यानं उतरून तिथं दगड ठेवला आणि नमस्कार करून गेला. पीएच.डी.चं काम बाजूलाच राहिलं. मार्गदर्शक सर पत्रातून विचारायचे, "खिल्लारे, प्रगती कुठवर?" आणि हा काय सांगणार?

अशातच एक दिवस दगडोबा हिंगोलीला घरी आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. कुत्री आणली नव्हती, हे दादानं आधी दार किलकिलं करून पाहून घेतलं.

"राम राम, डाक्टर."

"जय भीम, दगडोबा. या. मी अजून डॉक्टर नाही."

"तुमी माझा धंदा बसिवला," दगडोबा म्हणाला. आवाजात राग नव्हता, पण घोंगडी खाली ठेवायचीही त्याची तयारी नव्हती. "आता मला कुनी बोलवत न्हाई. मी खोटं न्हाई बोलत, मला तुमची विद्या बघायची हाय. तुमच्याकडं काय यंतर हाय ते दाखवा."

"यंत्र आहे," दादा म्हणाला. "चला."

आम्ही तिघं कॉलेजात गेलो. दादानं कपाटातून काचपट्टी काढली, तिच्यावर कागदाइतकी पातळ घासलेली गारगोटी. सूक्ष्मदर्शक नीट लावून त्यानं दगडोबाला खुर्चीत बसवलं. दगडोबानं एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, मग दोन्ही मिटले. शेवटी जमलं.

"काय दिसलं?" दादानं विचारलं.

"बुडबुडा."

"अजून?"

"हालतो. डाक्टर, त्यो हालतो! जिता हाय का?"

"जिवंत नाही. तो पाण्यातला बुडबुडा आहे. दगडोबा, ते पाणी आहे. शेजारी चौकोनी खडा दिसतो? ते मीठ. गरम होतं तेव्हा विरघळलेलं होतं, थेंब थंड झाला तसं बाजूला निघालं. आपण हे तापवतो, बुडबुडा बारीक होत होत नाहीसा होतो, आणि तो कुठल्या डिग्रीला गेला त्यावरून कळतं की पाणी किती गरम होतं."

दगडोबानं डोळा काढला, काचपट्टी बाहेरून पाहिली, पुन्हा डोळा लावला. "हे पाणी बाहीर काढता येतं का?"

"दगड फोडला तर येतं. पण दिसणारसुद्धा नाही, एवढंसं."

"मंग त्याचा काय उपेग?"

"काही नाही."

"काईच न्हाई? आन् तुमी इतकी वर्सं ह्येच बघत बसलात?"

"व्हय," दादा म्हणाला. कॉलेजातला प्रोफेसर असा लहान पोरासारखा 'व्हय' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दगडोबा हसायला लागला. त्याला दात फारसे नव्हते, त्यामुळं त्याचं हसू लवकर थांबायचं नाही. "मला वाटलं ह्यो मानूस माज्याहून मोठा पाणाड्या हाय. ह्यो तर गारगोट्या बघनारा निघाला! आरं मंग माजा धंदा मला परत दे की."

दादानं सरळ हात जोडले. "घ्या. आत्ता घ्या. पण दगडोबा, त्या नारळाचं मी काही ऐकणार नाही. लोकांना माझ्या नावानं नारळाकडं पाठवायचं, हे मला जमणार नाही."

यावर दोघांची चांगली जुंपली, ती घरी परत येईपर्यंत चालली. नारळ बापजाद्यापासून उभा राहतो, असं दगडोबाचं म्हणणं. तो तुमचाच हात उभा करतो, असं दादाचं. शेवटी वहिनीनं तोडगा काढला. तिनं दगडोबाच्या पिशवीतला नारळ मागून घेतला, फोडला आणि संध्याकाळी ओल्या खोबऱ्याची चटणी करून दोघांना वाढली. दगडोबा रागावेल असं मला वाटलं होतं. त्यानं चटणी दोनदा मागून घेतली.

मग ठरलं, नारळ नाही, पण पाणी दोघांनी मिळून बघायचं, आणि पुढचे काही महिने ते तसे फिरले. पाण्याचा विषय दादाचा नव्हताच, तोही पुस्तकं आणून नव्यानं शिकला. आजूबाजूच्या विहिरी बघायच्या, कुठं काळा फत्तर आणि कुठं लाल मऊ थर ते पाहायचं, नाल्याचा उतार बघायचा. आणि शेवटी वावराच्या मालकाला खरं सांगायचं : "लागायची आशा आहे, पण लागेलच असं नाही." हे एवढं वाक्य कुणालाही आवडलं नाही. "नारळवाला दगडोबा बराबर खात्री द्यायचा," लोक म्हणाले, "हे दोघं मिळून बी खात्री देत न्हाईत." पाहता पाहता बोलावणी कमी झाली, चुन्याच्या पिशव्या गेल्या आणि दादाला बसून जेवता यायला लागलं. दगडोबा मेंढरांकडं परत गेला. थोडा कुरकुरला, पण बाजाराला हिंगोलीत आला की कॉलेजात डोकावायचा. "बुडबुडा हाय का जाग्यावर?" विचारायचा, बघायचा आणि जायचा.

आता राहिलं दादाचं मुख्य काम. त्याच्या खाणीतल्या दगडांचा भुगा दूरच्या एका प्रयोगशाळेत गेला होता. मला समजलं तेवढं सांगते. सगळं पाणी सारखं नसतं, त्यातही भारी आणि हलकं असतं. पावसाचं पाणी वाफ होऊन, ढगात फिरून आलेलं, म्हणून ते जरा हलकं. खोल वितळलेल्या खडकातून पिळून निघालेलं पाणी भारी. खडक शिजताना त्या पाण्याचा अंश खडकात बसून राहतो आणि यंत्रावर ओळखू येतो. मार्गदर्शक सरांचं जुन्या पुस्तकांवरून मत होतं की पांढरा खडक पावसाच्या पाण्यानं शिजला. दादाला आतून वाटायचं की नाही, तोही खालच्याच पाण्यानं. पण मोठ्या माणसाला तोंडावर कसं म्हणायचं?

निकाल फोनवर कळणार होता. घरी फोन नव्हता, म्हणून दादा किसनसिंगच्या एस.टी.डी. बूथवर गेला. मी बरोबर होते. काचेचं दार नीट लागायचं नाही, लाईन इतकी खराब की दादाला ओरडूनच बोलावं लागत होतं, आणि बाहेर नंबर लावलेली सात-आठ माणसं दुसरं काम नसल्यामुळं ऐकत होती.

"हॅलो! निघालं का? काय निघालं? ... भारी? किती भारी?"

बाहेरच्या एका बाईनं माझ्याकडं पाहून डोळे मोठे केले.

"आणि दुसरं? ... दुसरं हलकं? बरं, बरं. पहिलं अगदी भारी ना? तुम्ही दोनदा पाहिलं ना? ... अहो, मला रडायला येतंय!" आणि दादा खरोखर रडायला लागला.

तो बाहेर आला तेव्हा किसनसिंगनं त्याला मिठी मारली. "मुबारक हो सर! जुळे?"

"काय जुळे?"

"एक भारी, एक हलका! लडका कौनसा?"

दादाला काहीच कळलं नाही. तो आनंदात होता, त्यानं नुसतीच मान हलवली. आम्ही घरी पोहोचायच्या आत शेजारणी वहिनीभोवती जमल्या होत्या आणि तिच्या सपाट पोटाकडं बघून गोंधळल्या होत्या. वहिनी तेव्हा भांडी घासत होती. "मला जुळी झाली म्हणतात," ती दादाला म्हणाली. "कधी झाली, तेवढं तुम्ही सांगा." त्या वेळी त्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि शेजारणी पदर सावरत निघायला लागल्या. पण वहिनीच पहिली हसली, मग सगळ्याच हसल्या. किसनसिंगनं पाठवलेले पेढे कुणी परत केले नाहीत. पांढरा खडक भारी पाण्यानं शिजला होता आणि कडेच्या हिरव्या खडकात पावसाचं हलकं पाणी मिसळलं होतं. वितळलेल्या खडकाचं पाणी आधी, पावसाचं मागून. दादा बरोबर होता, आणि मार्गदर्शक सरांनी, मोठ्या मनानं म्हणायचं का नाइलाजानं ते मला माहीत नाही, पण मान्य केलं.

तोंडी परीक्षा झाली औरंगाबादला. ती सगळ्यांसाठी खुली असते हे कुणीतरी कोंडीबामामांच्या कानावर घातलं, आणि मामा टेम्पो करून जवळा बाजारची वीसेक माणसं घेऊन आले. मागच्या बाकावर दगडोबा, घोंगडीसकट. बाहेरचे परीक्षक गंभीर गृहस्थ होते. त्यांनी इंग्रजीत बरंच विचारलं, दादानं बरंच सांगितलं. मागं चुळबुळ सुरू झाली. शेवटी परीक्षक कंटाळून, का त्या गर्दीकडं पाहून, मराठीत म्हणाले, "थोडक्यात सांगा. पाणी कुठून आलं?"

"आधी खालून, सर. नंतर वरून."

मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या आयुष्यात परीक्षेच्या मध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नसाव्यात.

डॉक्टर झाल्यावर दादानं ठरवलं, आई-बाबांना ती खाण दाखवायची. थंडीत आम्ही सगळे निघालो, आधी नागपूर, मग पुढं दुसरी बस. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली होती. खाणीत जायची परवानगी दादानं काढली होती, एक साहेब आमच्याबरोबर चालत होते.

कडेला उभं राहून खाली पाहिलं आणि मला चक्कर आली. डोंगर उलटा करून ठेवावा तसा खड्डा. पायऱ्या पायऱ्या, आणि तळाशी मुंगीएवढे डंपर. बाबा कठड्याला धरून खूप वेळ बघत राहिले. रिटायर होऊन त्यांना दहाएक वर्षं झाली होती. "केवढी खडी फोडली रे ह्यांनी," एवढंच म्हणाले.

दादा हातवारे करून दाखवत होता. तो बघा गुलाबी, तो मधला पांढरा, तिकडं हिरवा. त्याचा आवाज चढला होता, गळ्याच्या शिरा दिसत होत्या. आईला तांबं दिसेना म्हणून ती नाराज होती, तिला वाटलं होतं सगळी भिंत कळशीसारखी चकाकत असेल. दादानं तिच्या हातात करड्या दगडाचा एक तुकडा दिला. त्यात पिवळसर बारीक ठिपके. तिनं तो नखानं खरवडून बघितला आणि बाबांकडं दिला.

मग तिचं लक्ष खाली गेलं. तळाशी एका कोपऱ्यात पाणी साचलं होतं, मोरपंखी रंगाचं.

"भूषण, आन् हे पाणी कुठलं?"

"हे पावसाचं, आई."

"नक्की?"

"नक्की."

"बघा," आई साहेबांकडं वळून म्हणाली, "एका दमात सांगितलं. आन् तवा एवढी वर्सं लावली."

दादा हसायला लागला, आणि हसता हसता तिथंच मातीत मटकन बसला. साहेब घाबरून पुढं आले. वहिनीनं त्यांना सांगितलं की काही नाही, हे असेच आहेत, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्याच्या हातात दिली.